उपचारानंतरची नोंद : मराठवाड्यातील कर्करोग-संशोधनाचा अनुभव

कर्करोगाचा उपचार संपल्यावर माणसाचे पुढे काय होते, याचा अभ्यास तीन मोजण्यांवर उभा असतो. एखाद्या प्रदेशात दरवर्षी किती जणांना हा आजार होतो, ही पहिली मोजणी. त्यांतले किती जण एक, तीन, पाच वर्षांनी हयात असतात, ही दुसरी. आणि जे हयात आहेत ते कसे जगतात, ही तिसरी: भाकरी चावता येते का, बोललेले समोरच्याला कळते का, शेतात किंवा दुकानात पूर्वीसारखे काम होते का, चार पावले चालल्यावर धाप लागते का. पहिलीशिवाय दुसरी होत नाही आणि दुसरीशिवाय तिसरीला आधार नसतो. या विषयात काम करणाऱ्या संशोधकाची शोधनिबंधांची यादी वाचायची तीही याच क्रमाने.

मराठवाडा आणि त्याच्या सीमेवरची बार्शी या भागात पहिल्या दोन मोजण्यांचे काम जगाने दखल घ्यावी असे झाले आहे. तिसरीचे काम आता मुख्यतः छत्रपती संभाजीनगरच्या वाट्याला आले आहे. त्यात रुग्णाच्या श्वासाची काळजी हा भाग मोठा आहे आणि त्यावर लिहिले गेले आहे फार थोडे.

मोजणीची सुरुवात

परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. तीन वर्षांनी, १९४४ मध्ये, तिथले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. १९५५ मध्ये संघवी, राव आणि खानोलकर यांचा निबंध 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. तंबाखू ओढणे आणि चघळणे यांचा तोंडाच्या, घशाच्या व अन्ननलिकेच्या कर्करोगाशी असलेला संबंध त्यात मांडला होता. पण रुग्णालयाच्या यादीला एक मर्यादा असते. जो दारापर्यंत पोचला त्याचीच ती यादी. जो पोचलाच नाही, त्याच्याबद्दल ती काही सांगत नाही.

ही उणीव भरून काढायची तर एका ठरावीक प्रदेशातल्या सगळ्या माणसांतून रुग्ण शोधावे लागतात. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईत देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. तिच्याच शाखा म्हणून पुढे पुणे, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) आणि नागपूर येथे नोंदण्या उभ्या राहिल्या. त्यांतली औरंगाबादची १९७८ सालची. म्हणजे शहराला स्वतंत्र शासकीय कर्करोग रुग्णालय मिळण्याच्या तीन दशके आधी इथे रुग्णांची मोजणी सुरू झाली होती.

हे काम वरकरणी कारकुनी दिसते. नोंदणी करणारा कर्मचारी घाटीच्या, म्हणजे १९५६ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, विकृतिशास्त्र विभागातले रजिस्टर पाहतो, खासगी प्रयोगशाळा आणि दवाखाने फिरतो, महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात बसून मृत्यूची कारणे उतरवून घेतो. खरे कसब त्यानंतर लागते. एकच बाई घाटीच्या रजिस्टरमध्ये सासरच्या नावाने, खासगी प्रयोगशाळेत नुसत्या पहिल्या नावाने आणि मृत्यूच्या नोंदीत वेगळ्याच पद्धतीने लिहिलेल्या आडनावाने सापडते. वय एका कागदावर ४५, दुसऱ्यावर ५२. गाव कन्नड किंवा सिल्लोड तालुक्यातले, आणि पत्ता सिडकोत राहणाऱ्या भाच्याचा. तिन्ही नोंदी वेगळ्या धरल्या तर एका रुग्णाचे तीन होतात. भाच्याचा पत्ता खरा मानला तर खेड्यातला आजार शहराच्या खात्यावर पडतो. म्हणून किमान वर्षभर त्या ठिकाणी राहणाऱ्यालाच तिथला रहिवासी धरायचे, असा या नोंदणीचा नियम आहे, आणि तो पाळायचा तर प्रत्येक नावामागे चौकशी करावी लागते.

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात या कष्टाचे मोल दिसते. वयानुसार समायोजित केलेले दर पाहिले तर देशातल्या नोंदण्यांत सर्वांत कमी आकडे उस्मानाबाद (आताचा धाराशिव) आणि बीड या जिल्ह्यांचे आहेत: एक लाख पुरुषांमागे ३९.५ आणि एक लाख स्त्रियांमागे ४९.४. मिझोरममधील ऐझॉल जिल्ह्यात पुरुषांचा दर २६९.४ आहे. मराठवाड्याचा आकडा वाचताना दोन शक्यता डोळ्यांपुढे ठेवाव्या लागतात. आजार खरोखर कमी असेल, किंवा काही रुग्ण निदानापर्यंत पोचलेच नसतील. यांतले खरे किती, हे कार्यालयात बसून सांगता येत नाही. त्यासाठी गावात जावे लागते.

बार्शीची पद्धत

गावात जाण्याचे काम बार्शीत झाले. तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कर्करोग रुग्णालयात १९८७ मध्ये टाटा मेमोरियलच्या सहकार्याने ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. ग्रामीण लोकसंख्येवर आधारलेली देशातली ती पहिली नोंदणी. डॉ. भगवान नेने हे या कामाचे प्रमुख होते. सोलापूर जिल्ह्यातला बार्शी आणि धाराशिव जिल्ह्यातले परंडा व भूम या तालुक्यांतली साडेतीनशेच्या आसपास गावे तिच्या कक्षेत होती.

मुंबईत नोंदणी म्हणजे रुग्णालयांतून माहिती गोळा करणे. परंड्याच्या एखाद्या वाडीत रुग्णालयच नव्हते, तर गोळा काय करणार? म्हणून बार्शीच्या कार्यकर्त्यांनी क्रम उलटा केला. ते गावोगाव फिरले, चावडीपुढे किंवा देवळात लोकांना बसवून लक्षणे समजावून सांगितली. न भरणारी तोंडातली जखम, गिळताना अडकणारा घास, छातीतली गाठ, पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावरून जाणे. ज्यांना असे काही होते त्यांना बार्शीला तपासणीसाठी यायला प्रवृत्त केले, आणि निदान झाल्यावर त्यांची नोंद केली.

याचा परिणाम नोंदवहीपुरता राहिला नाही. कस्तुरी जयंत, डॉ. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर'मध्ये लिहिलेल्या निबंधाचा निष्कर्ष असा, की जागृती वाढली तशी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यात येऊ लागल्या. नवे यंत्र आले नव्हते, नवे औषध नव्हते. गावात जाऊन मोजणाऱ्या माणसाने मोजता मोजता रुग्णाला वेळेवर दवाखान्यात आणले होते. संशोधन आणि सेवा या दोन वेगळ्या गोष्टी मानणाऱ्यांनी हा निबंध जरूर वाचावा.

हयात, मृत आणि बेपत्ता

दुसरी मोजणी पहिलीपेक्षा अवघड असते. निदान एका दिवशी होते. हयातीची खात्री मात्र वर्षानुवर्षे करावी लागते. मराठवाड्यात त्यात एक खास अडचण आहे. बीड, धाराशिव, जालना या जिल्ह्यांतली हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, टोळी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात असते, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत घराला कुलूप असते. अशा रुग्णाला जानेवारीतली तारीख दिली तर तो येत नाही. पाठवलेले पत्र बंद दारात पडून राहते. फोन लावला तर नंबर बदललेला असतो.

संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा मोठाच प्रश्न आहे. न आलेल्या रुग्णाला हयात धरले तर उपचाराचे यश खोटे वाढते. मृत धरले तर उगाच घटते. यादीतून वगळावे, तर तो आणि नियमित येणारा रुग्ण यांची स्थिती सारखीच आहे असे गृहीत धरल्यासारखे होते. प्रत्यक्षात ज्याच्याकडे बसभाड्याचे पैसे नाहीत तोच गैरहजर राहतो, आणि त्याचीच तब्येत खालावलेली असण्याची शक्यता अधिक. म्हणून पाठपुराव्यातून किती रुग्ण सुटले, हा आकडा ज्या निबंधात दिलेला नाही, त्यातल्या पाच वर्षांच्या जगण्याच्या टक्केवारीवर भिस्त ठेवता येत नाही.

बार्शीने यावर काढलेला उपाय घरभेटीचा होता. जो कार्यकर्ता लक्षणे सांगायला गावात गेला होता, तोच पुढे चौकशीलाही जात राहिला. बार्शी नोंदणीतील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या जगण्याविषयीचा निबंध १९९६ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर'मध्ये आला. २०११ मध्ये फ्रान्समधील ल्योनच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने आफ्रिका, आशिया, कॅरिबियन आणि मध्य अमेरिकेतल्या रुग्णांच्या जगण्यावर ग्रंथ काढला, त्यात बार्शीची आकडेवारी आहे. तालुक्याच्या गावातून निघालेली नोंद तिथवर पोचली, याचे कारण तिच्यातली माणसे कार्यकर्त्यांनी नजरेआड होऊ दिली नाहीत.

उस्मानाबादची चाचणी

घरभेटींतून मिळवलेल्या विश्वासाच्या पायावर ऑक्टोबर १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची एक मोठी चाचणी सुरू झाली. बार्शीचे रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि ल्योनची संस्था यांचे ते संयुक्त काम. डॉ. आर. शंकरनारायणन, डॉ. नेने, कस्तुरी जयंत आणि टाटा मेमोरियलच्या तत्कालीन संचालक डॉ. केटायून दिनशॉ यांची नावे तिच्याशी जोडलेली आहेत. ४९७ गावांचे ५२ गट करून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया तिच्यात घेतल्या. एका भागात एकदाच, हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची तपासणी, तिसऱ्यात अॅसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्यात नेहमीची आरोग्यसेवा.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर निष्कर्ष एप्रिल २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले. नेहमीची सेवा मिळालेल्या ३१,४८८ स्त्रियांमध्ये ८२ जणींना पुढच्या टप्प्यातला कर्करोग झाला आणि ६४ जणी दगावल्या. एचपीव्ही तपासणीच्या ३४,१२६ स्त्रियांमध्ये हेच आकडे ३९ आणि ३४ होते. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. इतर दोन पद्धतींनी तितका ठोस फरक दाखवला नाही. गर्भाशयमुखाच्या तपासणीची जगातली धोरणे पुढे एचपीव्ही तपासणीकडे वळली, त्यात या निबंधाचा वाटा मोठा आहे. भारतातल्या अशा चाचण्यांत तुलनेच्या गटाला तपासणी दिली नव्हती, यावर नंतर नैतिक चर्चाही झाली. ती चर्चाही या कामाच्या इतिहासाचा भाग आहे आणि पुढच्या प्रत्येक संशोधकाने ती समजून घेतली पाहिजे.

नोंद चिकाटीने ठेवल्याचे फळ कधी अनपेक्षित वाटेने मिळते. १ सप्टेंबर २००९ पासून भारतात एचपीव्ही लसीच्या दोन आणि तीन मात्रांची तुलना सुरू झाली. तिच्या केंद्रांत बार्शीही होती. एप्रिल २०१० मध्ये सरकारने देशातल्या सगळ्या एचपीव्ही लस-चाचण्या थांबवल्या. १७,७२९ मुलींना लस मिळाली होती, पण त्यांतल्या हजारोंना ठरलेल्या मात्रा पूर्ण मिळाल्या नव्हत्या. चाचणी फसली म्हणून संशोधकांनी फायली मिटल्या नाहीत. त्यांनी दहा वर्षे या मुलींचा पाठपुरावा केला. २०२१ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात एका मात्रेचा टिकाऊ संसर्गाविरुद्धचा प्रभाव ९५.४ टक्के निघाला, म्हणजे दोन-तीन मात्रांच्या तोडीचा. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय मान्य केला, तेव्हा ज्या पुराव्यांचा विचार झाला त्यांत हा अभ्यास होता.

वाचल्यानंतरचे आयुष्य

तिसऱ्या मोजणीचा विचार जगातही उशिराच सुरू झाला. १९८५ मध्ये फिट्झह्यू मुलन या अमेरिकी डॉक्टरांनी, जे स्वतः कर्करोगातून गेले होते, उपचारानंतरच्या आयुष्याच्या अवस्था मांडणारा लेख लिहिला आणि या विषयाला दिशा मिळाली. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी १९९१ मध्ये कर्करोगातून बऱ्या झालेल्या मुलांसाठी उपचारोत्तर क्लिनिक सुरू केले. भारतातले ते या प्रकारचे पहिले. बरे झालेले मूल शाळेत जाते का, त्याची उंची वाढते का, हृदय आणि फुप्फुसे नीट चालतात का, पुढे लग्नाच्या वेळी त्याच्या शंकांना कोण उत्तर देणार, हे प्रश्न तिथे विचारले जाऊ लागले. अशा तरुणांनी २००९ मध्ये 'उगम' हा गट स्थापन केला.

मराठवाड्यातल्या रुग्णाला हे सगळे दूर होते. परळला जायचे, धर्मशाळेत किंवा फूटपाथवर दिवस काढायचे, उपचार संपले की गावी परतायचे. फाईल मुंबईत, रुग्ण गेवराईत. पुढच्या तपासणीला जायचे म्हणजे दोघांचे भाडे आणि आठवड्याची मजुरी. २०१२ मध्ये औरंगाबादच्या आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले आणि पुढे त्याला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा मिळाला. तेव्हापासून आठही जिल्ह्यांतले रुग्ण इथे येतात. उपचार जवळ आले याचे कौतुक सगळ्यांनी केले. संशोधनाच्या दृष्टीने तितकीच मोठी गोष्ट अशी, की रुग्ण आणि त्याची फाईल आता एका दिवसाच्या अंतरावर आली. पाठपुरावा शक्य झाला.

आता ओपीडीत येणारा बरा झालेला रुग्ण काय सांगतो? तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि शेक, म्हणजे रेडिएशन, झालेला माणूस सांगतो की तोंड दोन बोटे उघडत नाही. गर्भाशयमुखाला शेक घेतलेली बाई लघवीतून किंवा शौचातून रक्त जाण्याबद्दल चारचौघांत बोलत नाही. तिला बाजूला घेऊन विचारावे लागते. स्तनाची शस्त्रक्रिया झालेलीचा हात सुजलेला असतो. आणि या सगळ्यांत एक तक्रार पुन्हा पुन्हा येते: दम लागतो.

दम लागण्याची कारणे

उपचारानंतर दम लागण्याचे कारण एक नसते. छातीला शेक दिल्यानंतर साधारण एक ते सहा महिन्यांत फुप्फुसाला सूज येऊ शकते. कोरडा खोकला, धाप आणि बारीक ताप ही तिची लक्षणे. आपल्याकडे क्षयरोग इतका पसरलेला आहे, की अशा खोकल्याला क्षयाची औषधे सुरू होण्याचा धोका असतो. हॉजकिन लिम्फोमा आणि अंडकोशाच्या कर्करोगात वापरले जाणारे ब्लिओमायसिन फुप्फुसांना इजा करू शकते. एकूण मात्रा वाढत जाते तसा धोका वाढतो, आणि पुढे कधी शस्त्रक्रिया झाली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे औषध दिल्याचे माहीत असणे गरजेचे असते. लाल रंगाची किमो, म्हणजे अॅड्रियामायसिन, हृदयाला इजा करते आणि त्यानेही धाप लागते. रक्त कमी असेल तर लागते. भीतीनेही लागते.

स्वरयंत्र काढलेल्या रुग्णाचा प्रश्न आणखी वेगळा. त्याचा श्वास नाकातून जात नाही, मानेवरच्या छिद्रातून थेट फुप्फुसात जातो. नाक जे काम करते, हवा गाळणे, कोमट करणे, ओलसर करणे, ते थांबलेले असते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यातली कोरडी, धुळीची हवा त्याच्या छातीत जशीच्या तशी उतरते. छिद्रावर ओलसर पातळ फडके बांधणे ही साधी गोष्ट. पण घरी गेल्यावर ती पाळली जाते की नाही, हे विचारणारे कोणी नसते. घशाला शेक झालेल्यांत पाणी श्वासनलिकेत उतरते आणि न्यूमोनिया वारंवार होतो.

याच्या जोडीला आधीपासून असलेला फुप्फुसाचा आजार धरावा लागतो. पुण्याच्या डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलेल्या लेखाने एक समजूत मोडली. सीओपीडी या फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या २५ ते ४५ टक्के रुग्णांनी आयुष्यात कधीच धूम्रपान केलेले नसते, असे त्यांनी दाखवले. जगात सुमारे ३ अब्ज माणसे लाकूड-गोवऱ्यांच्या धुरात श्वास घेतात, तर तंबाखू ओढणारी सुमारे १ अब्ज. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात एका दिवशी देशभर सामान्य डॉक्टरांकडे आलेल्या २,०४,९१२ रुग्णांची पाहणी होती. निम्म्याहून अधिक जणांना श्वसनाची लक्षणे होती. २०१६ मध्ये भारतात सीओपीडीचे ५.५३ कोटी रुग्ण असल्याचा अंदाज पुढे आला. चुलीपुढे तीस वर्षे काढलेली बाई कर्करोगातून बरी झाली, तर तिला लागणाऱ्या धापेतला चुलीचा वाटा किती आणि शेकाचा किती, हे उपचारापूर्वीची नोंद असल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही.

श्वास मोजताना

ती नोंद स्पायरोमेट्रीने करतात. रुग्णाला बसवून नाकाला चिमटा लावतात, नळी ओठांत घट्ट धरायला सांगतात. खोल श्वास घेऊन पूर्ण जोराने फुंकायचे आणि छाती रिकामी होईपर्यंत फुंकतच राहायचे. तंत्रज्ञ शेजारी उभा राहून 'फुंका, अजून फुंका, सोडू नका' असे मोठ्याने सांगत असतो. तीन चांगले प्रयत्न जुळले तरच आकडा ग्राह्य धरतात.

कर्करोग रुग्णालयात ही चाचणी नेमकी इथे अडते. जबड्याचा तुकडा काढलेल्या माणसाचे तोंड पुरेसे उघडत नाही. ओठाचा कोपरा शस्त्रक्रियेत गेला असेल तर नळीभोवती फट राहते आणि हवा निसटते. यंत्र आकडा दाखवते, पण तो फुप्फुसाचा नसतो, फटीचा असतो. नियमाने असा रुग्ण अभ्यासातून वगळावा लागतो. मग निबंधातल्या तक्त्यात सुस्थितीतलेच रुग्ण उरतात आणि निष्कर्ष निघतो की फारसा त्रास नाही. ज्याचा श्वास मोजण्याची सर्वाधिक गरज होती, तोच तक्त्याबाहेर राहतो. यावर वाटा आहेत. नळीऐवजी चेहऱ्यावर घट्ट बसणारा मास्क वापरता येतो. सहा मिनिटांत किती मीटर चालणे होते, ही चाचणी घेता येते. तिला तीस मीटरचा सपाट मोकळा मार्ग, घड्याळ आणि बोटाला लावायचे ऑक्सिमीटर पुरते. सरकारी रुग्णालयाच्या व्हरांड्यात नातेवाइकांच्या सतरंज्या पसरलेल्या असतात, म्हणून ती सकाळी लवकर घ्यावी लागते.

आकडा मिळाला तरी तो कशाशी ताडून पाहायचा, हा प्रश्न राहतोच. युरोपीय शरीरावरून काढलेली प्रमाणे आपल्या माणसाला लावली तर निरोगी फुप्फुसही दुबळे ठरते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत यांनी भारतीयांची प्रमाणे काढण्यासाठी केलेल्या कामाचे महत्त्व इथे कळते.

प्रश्नावल्यांचेही असेच आहे. ईओआरटीसी या युरोपीय कर्करोग-संशोधन संस्थेच्या, जगण्याचा दर्जा मोजणाऱ्या तीस प्रश्नांच्या प्रश्नावलीची मराठी आवृत्ती उपलब्ध आहे. पण बाईला प्रश्न विचारला की उत्तर मुलगा देतो. 'काही त्रास नाही आईला, सगळं करते.' आई मान हलवते. मुलाला औषधे आणायला पाठवून पुन्हा विचारले की ती सांगते, आडावरून येताना दोनदा बसावे लागते. आकड्याचा खरेपणा अशा वेळी विचारणाऱ्याच्या सबुरीवर ठरतो.

शोधनिबंधांची यादी कशी वाचावी

वैद्यकीय महाविद्यालयांत बढतीसाठी शोधनिबंध लागतात. प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो. त्यातून घाई येते. वर्षभरात मिळतील तेवढे रुग्ण घ्यायचे, एकदाच तपासायचे, पदवी मिळाली की प्रबंध ग्रंथालयात ठेवायचा. पुढच्या विद्यार्थ्याने नवा विषय घ्यायचा आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात करायची. अशाने निबंधांची संख्या वाढते, पण उपचारानंतरच्या आयुष्याचे एकही सलग चित्र तयार होत नाही. कारण या विषयाला लागतो काळ, आणि तीन वर्षांच्या पदवीत तो मावत नाही.

त्यावर उपाय संस्थेच्याच हातात आहे. विभागाने एक प्रश्न धरावा, विद्यार्थ्यांनी तो पुढे न्यावा. पहिल्या तुकडीने उपचारापूर्वीचा श्वास मोजावा, दुसरीने त्याच रुग्णांचा वर्षानंतरचा, तिसरीने तीन वर्षांनंतरचा. प्रत्येकाला प्रबंध मिळेल, आणि दहा वर्षांनी संस्थेपाशी असा निबंध असेल जो दुसऱ्या कोणाकडे नाही. बार्शीची नोंदणी १९८७ ची आणि तिथल्या सर्वांत गाजलेल्या चाचणीचा निबंध २००९ चा. मधल्या बावीस वर्षांत प्रश्न सोडला नाही, हेच त्या यादीचे खरे बळ आहे. संशोधकाच्या यादीत किती निबंध आहेत यापेक्षा एकाच माणसांच्या गटाकडे तो किती वर्षे परत गेला, हे पाहावे.

अशा कामाचा उपयोग रुग्णाला होतो, याचा पुरावाही आता भक्कम आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची किमो संपलेल्या ८८९ रुग्णांवर मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात झालेल्या चाचणीत एका गटाला मार्गदर्शनाखाली व्यायाम दिला होता. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार आठ वर्षांनी या गटातले ९०.३ टक्के रुग्ण हयात होते, तर नुसती माहितीपुस्तिका दिलेल्या गटातले ८३.२ टक्के. चालणे, श्वासाचे व्यायाम आणि फिजिओथेरपिस्टची देखरेख या गोष्टी संभाजीनगरात आजही देता येण्यासारख्या आहेत. त्या कोणाला, कधी आणि किती द्याव्यात, हे मात्र इथल्या रुग्णांच्या नोंदीतूनच ठरेल.

ही नोंद पूर्ण व्हायची तर रुग्ण आणि त्याचे घरचे यांचीही साथ हवी. उपचार संपले म्हणून फाईल माळ्यावर टाकू नये. कोणती किमो किती वेळा दिली, शेक कुठे आणि किती दिवस दिला, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावे आणि पुढे कोणत्याही डॉक्टरकडे जाताना ते कार्ड सोबत न्यावे. मोबाइल नंबर बदलला तर ओपीडीत कळवावा. ऊसतोडीला जाणार असाल तर तसे सांगून परतल्यानंतरची तारीख मागून घ्यावी. आणि दम लागत असेल तर तो वयाचा किंवा अशक्तपणाचा मानून गप्प बसू नये. डॉक्टरांना सांगावा आणि केसपेपरवर लिहायला लावावा.